कशावरून सिस्टर

त्यांचं खरं नाव इंदुमती. पण आमच्या नर्सिंगच्या शाळेतल्या मुली पाठीमागे त्यांना ‘कशावरून सिस्टर’ म्हणायच्या, आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एका पोरीच्या तोंडून ते समोरच निसटलं. बिचारी रडायच्या बेताला आली. सिस्टर चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत म्हणाल्या, “मला असं म्हणतात, हे तुला कशावरून कळलं?” वर्ग फिसकन हसला. सिस्टरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि मग हसल्या. मी चहाची किटली घेऊन बाजूच्या दारात उभी होते, म्हणून मला दिसलं. त्या कायम तशाच हसायच्या, फळ्याकडे तोंड करून.

मी त्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते, सांगलीत. माहेर कुंडलचं. शाळेचं तोंड बघितलं न बघितलं असं. वाचायला शिकले ती मुलींच्या वह्यांवरून, भाजी निवडता निवडता. त्यामुळं ‘गवार’ लिहायला यायच्या आधी मला ‘गर्भाशय’ लिहिता यायला लागलं, बरं का. सगळेच मला मावशी म्हणायचे, सिस्टरसुद्धा.

कामाच्या पहिल्याच दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या. “दूध तापवलंय?”

“व्हय सिस्टर.”

“कशावरून?”

“आवं, मीच तापवलंय की!”

“ते तुम्ही सांगताय. दूध काय सांगतं ते बघू.” झाकण काढलं, साय बघितली, झाकण ठेवलं, गेल्या. मला असा राग आला म्हणता! आयुष्य चुलीपुढं गेलं आणि ही वाईची बाई मला दूध तापवायला शिकवते. दुसऱ्या दिवशी त्या दिसताच मी न बोलता झाकण काढून पातेलं पुढं केलं. त्या म्हणाल्या, “शिकलात.” तेवढंच. पण तो शब्द मी दिवसभर मिरवत होते.

अंगावर पांढरं कडक पातळ, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ, आणि पिशवीत दोन थर्मामीटर. दोन कशाला, असं मी एकदा विचारलं. “एक खोटं बोलला तर दुसरा चुगली करतो.” वाईच्या घाटाजवळ वाढलेली बाई, पण देवळातलं तीर्थ हातावर पडलं की आधी विचारणार, पाणी कुठलं आहे म्हणून. पुजारी काय म्हणत असतील ते देव जाणे.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी होती. मुलीच्या डोळ्यांना नॅपकिन बांधायचा, तिच्यापुढं उशी ठेवायची, उशीच्या खोळीत आत कुठंतरी रबरी बाहुली कोंबलेली. “हात लाव आणि सांग, डोकं कुठं आहे.” मुली गोंधळायच्या. डोळे बांधायचे कशाला, असं कुणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर: “डोळे उघडे असले की माणूस आधी ठरवतो आणि मग हात लावतो.”

आणि आंघोळीचा धडा! तो बघायला मी पोळ्या तव्यावर टाकून यायची. मोठं पितळी घंगाळ, त्यात कोमट पाणी. आधी कोपर बुडवून बघायचा, मग डाव्या हातावर बाहुलीची मान पेलायची, उजव्या हातानं न्हाऊ घालायचं. बाळ जन्मलं की तासाभरात न्हाऊन लख्ख झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामागं कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला सातारा भागातल्या खेड्यांतून फिरताना त्यांनी राख लावलेली, कळकट फडक्यात बांधलेली बाळं बघितली होती. त्या म्हणायच्या, “मी शेणाशी आणि राखेशी भांडून हे घंगाळ आणलंय.” बावीस वर्षं त्यांनी तो धडा शिकवला. शिकून गेलेल्या प्रत्येक मुलीचं नाव, गाव आणि आरोग्य उपकेंद्र त्यांच्या एका जाड वहीत होतं. बदली झाली की जुनं खोडून नवं लिहायचं. सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांत त्यांच्या हातच्या पोरी पसरलेल्या.

नव्व्याण्णव सालची दिवाळी झाली आणि शाळेत कॉम्प्युटर आला.

संस्थेचे सचिव होते, त्यांची लेक अमेरिकेत. तिनं धाडला. सचिवसाहेब माणूस चांगला हो, पण नव्याची हौस दांडगी. बाहुल्यांचं कपाट आणि घंगाळ व्हरांड्यात गेलं आणि त्या खोलीत कॉम्प्युटर बसला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. नारळाचं पाणी कळफलकावर सांडू नये म्हणून साहेबांनी स्वतःचा रुमाल आडवा धरला. चपला बाहेर काढून मुली आत रांगेनं उभ्या. साहेब म्हणाले, “सिस्टर, आता जगातलं सगळं नर्सिंग या एका खोलीत. लेकीनं परदेशातल्या विद्यापीठाचे धडे शोधून दिलेत. इंटरनेटवर. वाचायचं, परीक्षा तिथंच द्यायची, निकालही तिथंच. पुढच्या वर्षीपासून तो खेड्यातला महिना बंद करू. पोरींचे हाल, तुमचेही हाल.”

आमच्याकडं शेवटच्या वर्षी मुलींना महिनाभर खेड्यात नेत असत, त्याबद्दल ते बोलत होते.

सिस्टर म्हणाल्या, “परीक्षा तिथंच? बाई अडली की मुलींनी कुणाच्या पोटाला हात लावायचा, या काचेच्या?”

साहेब मोठ्यानं हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

फोन जोडला की ते यंत्र असं किंचाळायचं, जणू दारात मांजराचं शेपूट सापडलंय! मग चित्र यायचं, वरून खाली, एकेक रेघ. मी एकदा कणीक मळायला घेतली तेव्हा बाळाची टाळू आली होती, कणीक मुरली तरी हनुवटी यायची होती. तेवढ्यात वीज गेली. सगळं इंग्रजीत, मुली एकमेकींकडं बघायच्या. इंग्रजी येणारी एकच, मंगल. बारीक चणीची, धीट पोर. ती वाचून मराठीत सांगायची आणि बाकीच्या उतरवून घ्यायच्या. पण खरं सांगते, मुलींना गोडी लागली होती. पोटातलं मूल कसं वळतं ते हलतं चित्र बघून एक जण मला म्हणाली, “मावशी, हे आधी बघितलं असतं तर उशीत डोकं लगेच घावलं असतं.” सिस्टरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्वतः ते चित्र दोनदा बघून आल्या.

आणि मग ती परीक्षा. मंगलला सगळ्या प्रश्नांत पैकीच्या पैकी. साहेबांनी तो कागद छापून भिंतीवर लावला. सिस्टरांनी मंगलला बोलावलं, डोळ्यांना नॅपकिन बांधला, उशी दिली. तिनं बाहुलीचे पाय धरून डोकं म्हणून सांगितलं.

“मग तिथं पैकीच्या पैकी कसे?”

मंगल खरं बोलणारी. “सिस्टर, चुकलं की ते लाल होतंय. मग दुसरं दाबायचं. बरोबर येईपर्यंत दाबत ऱ्हायचं.”

“आणि बरोबर आलं की?”

“शाब्बास म्हणतंय.”

“कशावरून, असं नाही विचारत?”

“न्हाई.”

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. जिंकल्या होत्या त्या. मलाही वाटलं, झालं, आता हे खोकं गेलं व्हरांड्यात. पण पुढच्याच आठवड्यात मंगल त्या खोलीतून एक छापलेलं पान घेऊन आली. हातात धरलेलं, पण देऊ की नको असं. नवजात बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, असं त्या पानावर होतं. पुसून कोरडं करावं, आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, वरून पांघरावं. आंघोळीनं बाळ गार पडतं.

त्या दिवशी सिस्टर मुलींकडून घंगाळाचाच धडा करून घेत होत्या. कोपर पाण्यात. मंगलनं ते सगळ्यांपुढं वाचून दाखवलं.

“थंड मुलखातलं असेल,” सिस्टर म्हणाल्या. “बर्फात कोण न्हाऊ घालील? लिहिणाऱ्याचं नाव काय? त्यानं बाळंतपणं किती केली? कशावरून लिहितोय तो?”

मंगल उभी होती. मान खाली. मग हळूच म्हणाली, “सिस्टर, तुमी पण कशावरून सांगता?”

काय सांगू तुम्हाला! मला वाटलं, आता ही पोर गेली. सिस्टरांनी पाण्यातून कोपर काढला, पदरानं नाही, नॅपकिननं पुसला, नीट घडी घातली. म्हणाल्या, “बरोबर आहे. विचारायलाच हवं.” आणि वर्ग अर्धा सोडून निघून गेल्या.

शाळेला लागूनच बाळंतिणींचा वॉर्ड होता. कडाक्याची थंडी पडली होती. सिस्टर रोज सकाळी ते दोन थर्मामीटर घेऊन वॉर्डात. आंघोळीआधी बाळाच्या काखेत, आंघोळीनंतर बाळाच्या काखेत. आठवडा पुरा व्हायच्या आतच त्यांनी वॉर्डातली आंघोळ थांबवली, डॉक्टरांशी बोलून. त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याकडं कधी बसल्या नव्हत्या. उभ्या उभ्या झाकण काढायच्या आणि जायच्या.

“मावशी, ते पान खरं आहे.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “कशावरून?”

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. “वाचा. आकडे येतात ना तुम्हाला?”

दोन रांगा होत्या. डावीकडं न्हाण्याआधीचे, उजवीकडं न्हाण्यानंतरचे. मी बोट ठेवत ठेवत खाली आले. एकूण एक ओळीत उजवीकडचा आकडा कमी. मी चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही.

“किती पोरं दुसऱ्या दिवशी अंगावर प्यायची नाहीत, मावशी. मलूल पडायची. आम्ही म्हणायचो, अशक्तच जन्मलं. एकदाही मी विचारलं नाही, कशावरून.” त्यांनी वही मिटली. “आणि माझ्या एवढ्या मुली आज या घटकेला गावोगाव पाणी तापवत असतील. माझं नाव घेऊन.”

मी म्हटलं, “आता कळलं न्हवं? मग त्या यंत्राचं भलं झालं म्हणायचं.”

“यंत्रानं सांगितलं हे खरं. उपकार आहेत. पण खरं आहे हे मला काखेतल्या पाऱ्यानं सांगितलं. त्याच्या शेजारचं पान चुकीचं असलं तर? दोन्ही दिसायला सारखीच असतात, मावशी. ‘शाब्बास’ दोन्ही म्हणतात.” असा तो स्वभाव. हरल्या तरी संशय सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर तो संशय आता पहिल्यांदा त्यांनी स्वतःवरही धरला होता.

जानेवारीत मुलींना घेऊन त्या साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातल्या एका गावात गेल्या. साहेबांनी शेवटचं म्हणून परवानगी दिली. स्वयंपाकाला मी बरोबर. तिसऱ्याच दिवशी सकाळी निरोप आला, वरच्या आळीत सून बाळंत झाली. आम्ही पोचेतो सुईणीनं सगळं उरकलं होतं. बाळ न्हाऊन, काजळाचा टिळा लावून, झबल्यात. आजी ओसरीवर बाळ घेऊन बसलेली, खुशीत.

मंगल पुढं झाली आणि पान म्हणायला लागली. अगदी तोंडपाठ. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, शरीराचं तापमान, त्वचेचा स्पर्श. आजीनं मध्येच हात वर केला.

“आगं ए पोरी, तुला पोरं किती?”

“न्हाई, माझं लगीन व्हायचंय.”

“मग मला शिकीवतीस व्हय? माज्या हातची सात न्हाली. कुणी सांगितलं तुला ह्ये?”

“इंटरनेटवर हाय, आजी.”

“असंल. त्येलाच न्हाऊ घाल जा.”

ओसरीवरच्या बायका खदखदून हसल्या. मंगलचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता सिस्टर आजीला झापणार. त्या ओसरीच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, “आजी, नातू गोड आहे हो. तुम्ही माझं एक काम करा. तळहात नको, हाताची मागची बाजू. त्याच्या पायाला लावून बघा.”

आजीनं संशयानंच लावला. “गार हाय. थंडी न्हाई का!”

“आता तुमच्या पायाला लावा.” आजीनं लावला. “मंगल, तू पण लाव. आणि हा तुझ्या आयुष्यातला पहिला धडा समज.”

मग त्यांनी बाळाला उघडं करून सुनेच्या छातीवर ठेवलं, वर तिचा पदर, त्यावर वाकळ. आणि बसून राहिल्या. आजी म्हणाली, “आता काय?” “आता काही नाही. बसायचं.” चहा झाला. आजीची सात बाळंतपणं सांगून झाली. त्यातलं एक बाळ गार पडून गेलं होतं, तिसऱ्या दिवशी. ते तिनं शेवटी सांगितलं, आवाज उतरवून. सिस्टरांनी वाकळ नीट सारखी केली. घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “आता परत हात लावा.”

आजीनं वाकळीत हात घातला आणि तसाच ठेवला. “ऊन झाल्यात गं बाई,” ती म्हणाली. मग आणखी थोड्या वेळानं, कुणालाच नाही अशी, “आवं, पर मग त्याला न्हाऊ कवा घालायचं?”

“पाचवीला.”

आजीच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. “व्हय की! पाचवीला सटवाई नशीब लिवायला येती. तवाच न्हाऊन माखून असावं. त्याच्या आधी कशाला?” आणि शेजारणीकडं वळून तिनं तिलाच सुनावलं, “कळलं का गं? पायाला हात लावून बघायचं आधी. तुमी आपलं वतायचं पाणी!”

परत येताना मंगल माझ्या शेजारून चालत होती. बराच वेळ स्वतःच्या हाताची मागची बाजू बघत होती.

सांगलीला आल्यावर सिस्टरांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणवला. रोज दुपारी मुलींची जेवणं झाली की माझ्या स्वयंपाकघरात ती जाड वही उघडायची, मांडीवर पाटी घ्यायची आणि लिहायचं. एक कार्ड मी वाचलं, मला वाचता येत होतं हे त्यांनीच ओळखलं होतं. त्यावर होतं: ‘बाळाला जन्मल्याबरोबर न्हाऊ घाला, असे मी तुला शिकवले. ते चूक होते. पुसून कोरडे कर, आईच्या छातीवर दे, पायाला उलटा हात लावून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोजून पाहा. कार्ड मिळाल्याचे कळव.’ प्रत्येकावर हाच मजकूर, प्रत्येक कार्ड हातानं. छापून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “माझं अक्षर त्या ओळखतात. छापलेल्यावर का विश्वास ठेवावा?”

सचिवसाहेबांना कळलं तेव्हा ते धावतच आले. “सिस्टर, हे काय? ‘चूक होते’ असं लेखी? संस्थेची अब्रू आहे काही! आणि कार्डं कसली लिहिताय, जुन्या काळासारखी? एक पान आपण इंटरनेटवर टाकू. एका दिवसात जगभर जाईल.”

सिस्टरांनी हातातलं कार्ड पुरं केलं, पत्ता घातला. मग म्हणाल्या, “जगभर जाईल साहेब. पण इथून शिकून गेलेल्या माझ्या कुसुमला मिळालं, हे कशावरून कळणार? तिच्या उपकेंद्रात बल्ब नाही.”

साहेब आले तसे गेले. खेड्यातला महिना पुढच्या वर्षापासून दहा दिवसांचा झाला. तेवढा तरी वाचला, तो कार्डांमुळं का आजीच्या गोष्टीमुळं, मला सांगता येणार नाही.

उत्तरं यायला लागली. कुणी लिहिलं, आम्हालाही हल्लीच एका शिबिरात कळलं. कुणी लिहिलं, सिस्टर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. एकीनं काहीच न लिहिता दोन रांगांत आकडे लिहून पाठवले. ते कार्ड सिस्टर दोन दिवस पिशवीत घेऊन हिंडत होत्या. उत्तर आलं की वहीतल्या नावापुढं बारीक बरोबरची खूण. तीन कार्डं परत आली, पत्त्यावर राहत नाही म्हणून. त्यातल्या दोघींचा ठावठिकाणा मंगलनं लावला, इंटरनेटवर नाही, एसटीतल्या एका कंडक्टरला विचारून.

उन्हाळ्यात सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांना शाल दिली आणि कॉम्प्युटरच्या खोलीत फोटो काढला. त्या वाईला गेल्या. घंगाळ व्हरांड्यातच राहिलं, मी त्यात कोथिंबीर लावली.

पाऊस सरल्यावर एक दिवस मी सांगलीच्या स्टँडवर कुंडलच्या गाडीची वाट बघत होते. बघते तर शिराळ्याच्या गाडीत खिडकीशी पांढरं पातळ, पुरुषी घड्याळ. मी धावले.

“सिस्टर! हिकडं कुठं?”

“शिराळ्याला. मग पुढं डोंगराकडं एक वाडी आहे. कुसुम तिथं असते असं आज इथल्या जिल्हा परिषदेत कळलंय.” पिशवीतून त्यांनी ते परत आलेलं कार्ड काढून दाखवलं. कोपरे मऊ पडले होते. वहीत एवढ्या एकाच नावापुढं खूण नव्हती.

त्या थकल्या होत्या हो. पायावर सूज दिसत होती. एवढा वळसा, पुढं पायी चढण. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीचा गज धरून म्हटलं, “आवं सिस्टर, एव्हाना कळलं असंल की तिला. शिबिरं होत्यात, डॉक्टर सांगत्यात, आता तर इंटरनेट हाय. तिला म्हाईत असणारच.”

गाडी हलली. मी गजाबरोबर चार पावलं चालले. सिस्टर चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघत होत्या, आणि पहिल्यांदाच तोंड न वळवता हसल्या.

“कशावरून, मावशी?”